मिनिटाला किती फेरे?

नाकात एरंडेलाचा वास शिरतो आणि तुम्ही दचकता. हा वास ओळखीचा आहे. नाक दाबून पाजलेला तो चमचा घशाखाली उतरेपर्यंतची सगळी धडपड या वासात आहे. पण इथे घर नाही, आजी नाही. १९१७ सालचा उन्हाळा सरत आलाय. फ्रान्सच्या उत्तरेला ब्रिटिशांचा एक लष्करी विमानतळ आहे, नुकतं उजाडतंय, पायाखालचं गवत दवानं ओलं आहे. वास येतोय तो समोर उभ्या असलेल्या सॉपविथ कॅमल विमानाच्या इंजिनातून.

इंजिन अजून बंद आहे, तोवर जवळ जाऊन नीट बघून घ्या. विमानाच्या तोंडाशी नऊ सिलिंडर वर्तुळात मांडलेत. क्लेर्जे नावाचं हे इंजिन १३० अश्वशक्तीचं आहे. तुमच्या गाडीत इंजिन जागच्या जागी बसलेलं असतं आणि आतला क्रँकशाफ्ट फिरतो. इथे सगळं उलटं आहे. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का आवळलाय, आणि नऊच्या नऊ सिलिंडरांसकट अख्खं इंजिन लाकडी पंख्याबरोबर त्याच्याभोवती फिरणार आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण याच पोकळ क्रँकशाफ्टमधून आत येतं. वंगण म्हणून खनिज तेल घातलं तर पेट्रोल ते धुऊन नेईल. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजासहजी मिसळत नाही, म्हणून इथे एरंडेलच लागतं. इंजिनातून ते एकदा गेलं की परत टाकीत येत नाही. अर्धवट जळून मागे उडतं, वैमानिकाच्या चष्म्यावर, गालांवर, ओठांवर. दोन तासांच्या उड्डाणात पोटात जायचं तेवढं जातंच, आणि एरंडेल पोटात गेल्यावर काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. एरंडीच्या बिया जगाला पुरवणाऱ्या देशांत या काळी हिंदुस्थान आघाडीवर आहे. या लढाईत आपल्या शेतातलं एक रोपटं असंही उतरलंय.

"स्विच ऑफ?" पंख्यापाशी उभा असलेला मेकॅनिक ओरडतो. "स्विच ऑफ!" आतून वैमानिक. पंखा हातानं दोन-चार वेळा फिरवून सिलिंडरांत इंधन ओढून घेतलं जातं. मग मेकॅनिक पाय रोवतो. "कॉन्टॅक्ट?" "कॉन्टॅक्ट!" एक हिसका, आणि तो झटकन मागे सरतो. निळसर धुराचा लोट तुमच्या अंगावर येतो. चाकांना लाकडी ठोकळे लावलेत, शेपटीवर दोघे जण ओणवे पडून विमान दाबून धरतायत, गवत मागे झोपलंय.

आता वैमानिकाच्या नजरेकडे लक्ष ठेवा. वय विशीच्या आसपास असेल. तो आभाळाकडे बघत नाही, पंख्याकडे बघत नाही. त्याचे डोळे एका गोल तबकडीवर खिळलेत. तबकडीतला काटा थरथरत वर चढतोय, आणि तो काटा जिथे थांबेल त्यावर या मुलाचं पुढच्या दोन मिनिटांतलं नशीब ठरणार आहे. बाराशेच्या वर गेला तर नऊही सिलिंडर नीट पेटतायत. अकराशेलाच अडकला तर कुठेतरी एखादा प्लग तेलानं माखून मेलाय, आणि तसंच उडालं तर कुंपणाच्या झाडांपर्यंत पोहोचेस्तोवर विमानाचा जोर संपेल.

"रेव्हज?" मेकॅनिक हाताचा कर्णा करून ओरडतो.

"साडेबाराशे!"

ठोकळे ओढले जातात आणि विमान सुटतं.

हाच तो शब्द. रेव्ह. मूळचा 'रेव्होल्यूशन', म्हणजे फेरा, आणि पूर्ण मोजमाप 'रेव्होल्यूशन्स पर मिनिट', मिनिटाला किती फेरे. पण घोंगावत्या इंजिनासमोर उभं राहून एवढं लांबलचक कोण ओरडणार? नऊ सिलिंडरांच्या गोंगाटातून आरपार जाईल एवढाच तुकडा उरला. नाम म्हणून हा तुकडा छापील इंग्रजीत १९०१ पासून दिसतो. 'इंजिन रेव्ह करणं' हे क्रियापद त्यानंतरचं, १९१६ च्या सुमाराचं. म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आलात. शब्द अजून ताजा आहे, आणि तो रोज ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्यातले बरेचसे पुढचा उन्हाळा बघणार नाहीत.

परतणाऱ्या एका कॅमलचा आवाज ऐका. ब्रूप… शांतता… ब्रूप… शांतता… या इंजिनाचा वेग मोटारीसारखा हळूहळू कमी करता येत नाही. म्हणून वैमानिक दांडीवरचं बटण दाबून ठिणगीच तोडतो आणि सोडतो, तोडतो आणि सोडतो. फेऱ्यांचा आणखी एक जाच आहे. एवढं मोठं वजन गरगरत असल्यामुळे विमान डावीकडे वळवताना नाक वर उचलतं, आणि उजवीकडे वळताना खाली खेचतं. कसलेल्या हाताला तेच हत्यार होतं, कारण उजवीकडे कॅमल डोळ्याचं पातं लवायच्या आत वळतो. नवशिक्याला मात्र तो जमिनीत नेतो. शिकताना गेलेल्या मुलांची संख्या या विमानानं फार वाढवली. त्या मुलांनी तबकडीवरचा आकडा आपल्या शरीरानं मोजला असं मला वाटतं, आणि म्हणूनच हा शब्द मला नुसता बोलीतला वाटत नाही.

याच विमानदलातला आपल्या मुंबईचा एक तरुण म्हणजे श्रीकृष्ण वेलिंकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलातून लढाऊ विमानं उडवणारे हिंदी वैमानिक एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यांतला हा एक. २३ नंबरच्या स्क्वाड्रनमधून तो सॉपविथ डॉल्फिन उडवेल. त्याचं इंजिन वेगळं, पाण्यानं थंड होणारं, जागच्या जागी बसलेलं. पण निघण्याआधी त्याचीही नजर अशाच काट्यावर असेल. १९१८ च्या जूनमध्ये तो फ्रान्समध्येच मरण पावेल आणि तिथेच पुरला जाईल. मराठी घरातून आलेल्या या मुलाच्या कानावर 'रेव्हज' हा शब्द किती सकाळी पडला असेल!

इथून पुढे जाण्याऐवजी मागे चला. शब्दाचीही तीच इच्छा दिसते. लॅटिन 'रेव्होल्व्हेरे'चा अर्थच मागे गुंडाळत जाणं.

१९०१ मध्ये फार थांबण्यासारखं काही नाही. लंडनच्या फुटपाथवर मोटारींविषयीचं एखादं साप्ताहिक उचला, पानं चाळा. प्रत्येक इंजिनाच्या वर्णनात फेऱ्यांचा आकडा आहे. अश्वशक्तीनंतर लगेच तोच. ज्या गोष्टीचं नाव परिच्छेदात चार वेळा लिहावं लागतं, तिचं नाव आखूड होणारच. पण आकडा एवढा महत्त्वाचा झाला कसा? त्यासाठी आणखी थोडं मागे, १८९५ मध्ये, पॅरिसलगतच्या प्युटो गावात डोकावा. खेळण्यातली वाफेची इंजिनं बनवणारा जॉर्ज ब्युटॉं आता काउंट द डिऑंचा भागीदार आहे आणि त्याच्या टेबलावर तळहातात मावतील एवढ्या पिस्टनचं एक पेट्रोल इंजिन आहे. एकच सिलिंडर, १३७ घनसेंटीमीटर, बॅटरी आणि कॉइलमधून येणारी विजेची ठिणगी. ते मिनिटाला १,५०० फेरे घेतं आणि न फुटता त्याहून बरंच पुढे जातं. त्या काळच्या शहाण्यासुरत्या इंजिनिअरांना हे वेडेपण वाटतं. लहान इंजिन असं पळवलं तर आठवड्यात झिजेल, अशी त्यांची खात्री. ब्युटॉंचं गणित साधं आहे. एका स्फोटातून मिळणारं बळ थोडं असेल, तर स्फोट जास्त करा.

पण हे गणित त्याच्याआधी दुसऱ्या दोघांनी मांडलं होतं, आणि त्या दोघांकडे जरा सावकाश जायला हवं.

जर्मनीतलं कानश्टाट. स्टुटगार्टला लागून असलेलं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं टुमदार गाव. साल १८८३. रात्र झालीय आणि तुम्ही एका बंगल्याच्या बागेत झुडपाआड उभे आहात. समोर काचेचं हरितगृह आहे, त्याला जोडून विटांचं बांधकाम केलंय, आणि आत दिवा जळतोय. आतून ठोकाठोकीचा, धातू कानशीनं घासल्याचा आवाज येतो. बंगला गॉटलीब डाइमलरचा. त्याच्याबरोबर आत आहे विल्हेल्म मायबाख. डॉइट्स इथल्या मोठ्या इंजिन कारखान्यातली नोकरी सोडून दोघे इथे आलेत, आणि काय करतायत हे घरच्या माणसांनाही सांगत नाहीत.

तुमच्या मागे पाचोळा वाजतो. बागेचा माळी आहे. त्याला बरेच दिवस संशय आहे. दारं बंद, रात्रीचे दिवे, धातूचा आवाज: हे मालक खोटी नाणी पाडत असणार! त्यानं पोलिसांना कळवलंय. एके दिवशी दोघे नसताना पोलीस माळ्याच्या किल्लीनं आत शिरतात. तुम्हीही त्यांच्या मागोमाग शिरा. कामाचं बाक, शेगडी, कानशी, पाने, आणि मधोमध एक इंजिन. नाणं एकही नाही. पोलीस हात हलवत परत जातात. जगाची चाल बदलणारी वस्तू बघून ते परत गेले हे त्यांना कोण सांगणार.

ते गेले तरी तुम्ही थांबा, दोघे परत येऊन कामाला लागेपर्यंत. इंजिनाच्या डोक्यातून एक बोटाएवढी नळी बाहेर आलीय, बाहेरचं टोक बंद. तिच्याखाली एक छोटा बर्नर जळतोय आणि नळी लाल झालीय. सगळी करामत या नळीत आहे. डॉइट्सला निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या इंजिनात आग लावायची पद्धत अशी, की एक धातूची पट्टी मागेपुढे सरकत जायची आणि आपल्या खाचेतून पेटती ज्योत सिलिंडरपर्यंत न्यायची. ती पट्टी सरकून पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे मिनिटाला १८० फेऱ्यांच्या आसपास गाडं अडायचं. त्याहून घाई केली की ज्योत दारातच विझायची. मायबाखच्या नळीत सरकणारं काहीच नाही. पिस्टन वर आला, मिश्रण दाबलं गेलं, तापलेल्या नळीत शिरलं, पेटलं. घाई इंजिनानंच करायची.

मायबाख चाक फिरवतो. आधी एक धप्प, मग दुसरी, मग एकेक धप्प वेगळी ऐकू येईनाशी होते आणि सगळ्यांचा मिळून एक सलग घुमार होतो. ६०० फेरे. तुमच्या पिढीच्या कानाला हा आकडा काहीच नाही. तुमची मोटारसायकल सिग्नलला उभी असते तेव्हाही याहून जोरात फिरत असते. पण इंजिनाचा आवाज मोजता मोजता माणसाची जीभ हरली, तो क्षण हा. १८० पर्यंत तुम्ही तोंडानं एक-दोन-तीन म्हणत राहू शकता. ६०० ला नाही. इथून पुढे फेरे मोजायला यंत्र लागणार, आणि यंत्रावरच्या आकड्याला नाव लागणार. या प्रवासात मला काही सांगायचं असेल तर ते हेच आहे. शब्द पुढे १९०१ मध्ये तुटला, पण तो तुटायला लागला या काचघरात, जिथे फेरे माणसाच्या मोजणीबाहेर गेले.

वेगवान इंजिन हलकं असतं. तेवढ्याच कामाला छोटं लोखंड पुरतं. त्यामुळेच ते जागेवरून उठून चाकांवर बसू शकलं. १८८५ च्या नोव्हेंबरात डाइमलरचा किशोरवयीन मुलगा २६४ घनसेंटीमीटरचं इंजिन बसवलेल्या लाकडी दुचाकीवरून कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत जातो, तीनेक किलोमीटर. तुम्ही रस्त्याकडेला उभे राहून बघता. लोखंडी धावा बसवलेली लाकडी चाकं, तोल जाऊ नये म्हणून बाजूला दोन लहान चाकं, आणि खोगिरासारख्या बैठकीच्या बरोबर खाली ती लाल तापलेली नळी. व्हायचं तेच होतं. बैठक पेट घेते. मोटारसायकलवर बसलेल्या पहिल्या काही माणसांत या मुलाचं नाव आहे, आणि बुड भाजलेल्यांत बहुधा पहिलंच.

आणखी शंभर वर्षं मागे जाऊ. १७८८, बर्मिंगहॅमजवळचं सोहो. मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांचा कारखाना. कोळशाचा धूर, ओल्या तुळयांचा वास, आणि एक प्रचंड आडवी तुळई जी उठते, विचार केल्यासारखी क्षणभर थांबते आणि खाली येते. इथे घाई कुणालाच नाही. तुळईच्या एका टोकाला वाफेचा सिलिंडर, दुसऱ्या टोकाला दातेरी चक्रांची एक जोडी. एक चक्र दुसऱ्याभोवती ग्रहासारखं फिरतं. साधा क्रँक बसवला असता तर सोपं झालं असतं, पण क्रँकचं पेटंट जेम्स पिकार्डनं आधीच अडवलंय. म्हणून वॉटच्या माणसांनी हा सूर्य-ग्रहाचा मार्ग काढला. त्याचा एक फायदाही आहे. तुळईच्या एका हेलकाव्यात मोठं चाक दोन फेरे घेतं.

या इंजिनावर त्रेचाळीस पॉलिश-यंत्रं चालतात. सगळी चालू असली की इंजिन दमतं; निम्मी थांबली की उधळतं. पॉलिश करणाऱ्या कारागिराला दोन्ही नको असतं. म्हणून वॉटनं या वर्षी त्यावर एक नवी वस्तू बसवलीय. उभ्या दांड्याला दोन लोखंडी गोळे, पितळी बाह्यांवर लटकलेले. जवळ उभे राहून बघा. इंजिन वेगानं फिरायला लागलं की गोळे बाहेर फाकतात, वर उचलले जातात, आणि जोडलेली दांडी वाफेची झडप किंचित मिटते. वेग कमी झाला की गोळे खाली येतात, झडप उघडते. कल्पना अगदी नवी नाही, दळणाच्या गिरण्यांत जात्याची तळी एकमेकींपासून किती दूर ठेवायची ते ठरवायला अशीच गोळ्यांची युक्ती वापरात होती. वॉटनं ती वाफेला जोडली. आपल्या फेऱ्यांचा अंदाज घेऊन स्वतःला आवरणारं यंत्र इथे तुमच्या डोळ्यांसमोर चालू आहे, आणि ते आवरताना कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही. मला या प्रवासात परत परत यावंसं वाटतं ते ठिकाण हे. एक तास गोळ्यांकडे नुसतं बघत बसलात तरी वेळ वाया जाणार नाही.

वॉटला मोजणीचं वेड होतं, आणि त्यामागे रोकडा व्यवहार होता. कॉर्नवॉलच्या खाणींत पाणी उपसणाऱ्या इंजिनांवर त्यानं एक मोजणीयंत्र बसवलं. तुळईचा प्रत्येक हेलकावा त्यात नोंदला जातो आणि पेटीला कुलूप असतं. खाणमालकानं वाचवलेल्या कोळशाच्या किमतीतला एक तृतीयांश हिस्सा कंपनीला द्यायचा, आणि किती काम झालं हे ठरणार त्या कुलूपबंद पेटीतल्या आकड्यावर. म्हणजे फेऱ्यांचा आकडा हा सुरुवातीपासून पैशाचा आकडा होता, ज्यावर भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण त्याला लाडाचं नाव कुणी ठेवलं नाही. मिनिटात पंचवीसेक हेलकावे होतात तेव्हा पूर्ण शब्द उच्चारायला भरपूर वेळ असतो.

हा पूर्ण शब्द यंत्रशाळेत तरी आला कुठून? आभाळातून. १५४३ मध्ये न्यूरेंबर्गच्या छापखान्यात कोपर्निकसचा ग्रंथ छापून होतोय आणि त्याच्या नावातच हा शब्द आहे: 'दे रेव्होल्यूशनिबस', खगोलीय गोलांच्या परिभ्रमणांविषयी. ग्रहांनी आपली वाट पुरी करून पुन्हा मूळ जागी येणं म्हणजे रेव्होल्यूशन. त्यात उलथापालथीचा मागमूस नाही, उलट न चुकता परत येण्याचं आश्वासन आहे. राज्य उलटवणं हा अर्थ इंग्रजीत पक्का होतो तो सतराव्या शतकात. म्हणजे इंजिनाचा फेरा आणि राजाचं डोकं उडवणारी उलथापालथ ही दोन्ही एकाच ग्रहगोलाची लेकरं.

मराठी वाचक म्हणून तुम्हाला इथे अंगावर काटा यायला हवा, कारण आपल्याकडेही नेमकं हेच घडलंय. राजकारणातली 'क्रांती' आपण रोज बोलतो. पण पंचांगवाल्याला विचारा. क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग, क्रांती म्हणजे खगोलाच्या विषुववृत्तापासूनचं अंतर, आणि त्याच घरातली संक्रांत, जिचा तिळगूळ आपण वाटतो. आपल्या क्रांतीचीही पहिली ओळख आभाळातलीच आहे. आणि फेरे मोजायचे म्हणाल, तर इसवी सन ४९९ मध्ये तेविशीतला आर्यभट काय मोजतोय ते बघायला क्षणभर थांबाच. त्याचा शब्द 'भगण', म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात एक पूर्ण फेरा. एका युगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, पृथ्वी स्वतःभोवती किती फेरे घेते? १,५८,२२,३७,५००. भागाकार करा, वर्षाला ३६६ आणि वर थोडे. ठरावीक काळात किती फेरे, हाच प्रश्न. फक्त घड्याळाच्या मिनिटाऐवजी त्यानं युग घेतलंय.

आता झपाट्यानं पुढे, पण एकदम आजपर्यंत नाही. वाटेत एका बोटीवर चढायचंय.

१८९० च्या आसपासचा जून, मुंबईहून एडनकडे निघालेली आगबोट, आणि मोसमी वारा समोरून. डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे आहेत, त्यांचा सारंग त्यांना ओरडून दोर आवळायला लावतोय. आपली कोकणी बोली वादळात ऐकू येते तेव्हा धीर येतो. पण तुम्हाला लोखंडी शिड्या उतरत तळाशी जायचंय. उकाडा, तेल, आणि भट्ट्यांपाशी कोळसा लोटणारे आगवाले. इंजिन साठ-सत्तर फेऱ्यांच्या संथ चालीत चाललंय. एक इंजिनिअर मात्र वाफेच्या झडपेच्या चाकावर दोन्ही हात ठेवून, पाय फाकून, अंदाज घेत उभा आहे. कसला अंदाज?

बोटीचं नाक लाटेत घुसतं, मागचं टोक उचलतं. पाण्यातला पंखा हवेत येतो. इतका वेळ पाण्याला रेटणाऱ्या इंजिनाला एकदम रेटायला काही उरत नाही. ते उधळतं. पायाखालचा पत्रा थडथडतो, दांडे नजरेला दिसेनासे होतात. इंजिनिअर चाक गरकन फिरवून वाफ तोडतो. पुढच्या क्षणी पंखा पुन्हा पाण्यात आपटतो आणि सगळी बोट कण्हते. वेळेवर वाफ तोडली नसती तर या धक्क्यानं शाफ्ट मोडला असता. मग पुन्हा वाफ, पुन्हा लाट. असं तासन्‌तास. या उधळण्याला इंग्रज इंजिनिअरांचा शब्द आहे 'रेस'. इंजिन रेस झालं, म्हणजे भार सुटल्यामुळे मोकाट धावलं. 'रेव्ह' जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा हा शब्द आहे, आणि पुढे मोटारवाल्यांनीही तो उचलला.

आता १९६६ चा ऑगस्ट संपत आलाय, आयल ऑफ मॅन बेट, मोटारसायकलींची शर्यत. इथे फक्त कान उघडे ठेवा, बाकी काही करू नका. माइक हेलवूड येतोय, होंडाच्या २५० घनसेंटीमीटरच्या गाडीवर. एवढ्याशा इंजिनात सहा सिलिंडर, एकेक औषधाच्या मापाएवढा. काटा १८,००० वर. म्हणजे सेकंदाला ३०० फेरे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, सहांचे मिळून सेकंदाला ९०० स्फोट. ती गाडी दिसायच्या आधी कानात घुसते आणि गेल्यावरही डोंगराच्या वळणांवरून बराच वेळ ऐकू येत राहते. त्यात घुमार नाही, गुरगुर नाही, एक अखंड किंचाळी आहे. कानश्टाटच्या ६०० पासून इथपर्यंत यायला एका माणसाच्या आयुष्याहून थोडाच जास्त काळ लागला.

शेवटचा मुक्काम घराजवळ. कोल्हापूर, उद्यमनगर, आजची दुपार. फौंड्र्या, लेथ, ऑइल इंजिनांचे सुटे भाग, आणि मधूनच दुचाकींचं एखादं गॅरेज. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीपुढे मिस्त्री उकिडवे बसलेत, हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर. पोरगा हँडल धरून उभा.

"रेस दे जरा."

पोरगा मूठ पिळतो.

"हाफ धर, हाफ. येवढी नको. हां, आता सोड… मिस मारतंय बघ."

पोरगा म्हणतो, "मला न्हाई ऐकू येत, अण्णा."

"येईल. ऐकत ऱ्हा."

इंग्रजीतला 'रेव्ह' या गल्लीत कधी फारसा आलाच नाही. इथे 'रेस' आहे. रेस दे, रेस कमी कर, गाडी रेसवर ठेवू नको, आणि पोरांच्या तोंडी 'पिळ'. मिस्त्रींना तबकडी लागत नाही. स्क्रू पाव फेरा आत घेतात, ऐकतात, केसभर बाहेर घेतात, आणि इंजिन जिथे ठेका धरतं तिथे थांबतात. २०२० पासून नव्या गाड्यांत इंधनाचं माप संगणक ठरवू लागला आणि या स्क्रूचं काम संपत चाललंय. तरी असे कान असलेली माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावात अजून आहेत, आणि त्यांच्या कानांची नोंद कुणीतरी नीट करून ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तेवढ्यात एक बाई इलेक्ट्रिक स्कूटर ढकलत आणतात. मागच्या चाकातून काहीतरी घासल्याचा आवाज येतोय. मिस्त्री ती मेन स्टँडवर चढवतात, चाक जमिनीपासून चार बोटं वर उचललं जातं. या गाडीत पिस्टन नाही, प्लग नाही, ठिणगी नाही. उभी असताना ती फिरतच नाही. मिस्त्री चाकाशी कान नेतात आणि मागे न बघता पोराला सांगतात, "दे, रेस दे."

पोरगा मूठ पिळतो. चाकाला रस्ता नाही, ओझं नाही, रेटायला काही नाही. एडनच्या वाटेवर पाण्याबाहेर आलेल्या पंख्यासारखं ते एकदम मोकाट सुटतं.

"किती, अण्णा?"

"फुल दे, फुल. बेअरिंगच हाय."